नाटक शिकायला येताय? आधी आवाजाचं बोलू

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की गावाकडून फोन सुरू होतात. ‘ताई, मले नाटकाचं शिकाचं हाये. कुठं जाऊ?’ मी अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडची. पुण्यात येऊन विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकले आणि आता आवाज व उच्चार शिकवणं हेच माझं मुख्य काम आहे. फोनवर घाईघाईत जे सांगते, ते इथे सविस्तर लिहिते.

येणाऱ्या बहुतेकांना अभिनय शिकायचा असतो, आणि अभिनय म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे चेहरा असतो: रडणं, हसणं, संतापणं. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत, आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), सात्त्विक (मनातल्या भावांचा) आणि आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा). पहिल्याच सत्रात हे पाठ होतात, परीक्षेत प्रश्नही येतो. पण मराठी रंगभूमी प्रामुख्याने बोलणाऱ्या माणसांची रंगभूमी आहे. त्यामुळे वाचिकाची मेहनत जो मनापासून करतो, त्याची बाकीची कामं पुष्कळ सोपी होतात, असं माझं ठाम मत आहे.

कुठं शिकायचं, हे आधी उरकून घेऊ. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. तिथे नाटक, संगीत आणि नृत्य एकाच आवारात शिकवलं जातं, आणि नाटकाच्या विद्यार्थ्याच्या कानांवर दिवसभर गाणं पडत राहणं ही फार मोठी गोष्ट आहे. मुंबई विद्यापीठात अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झालं. तिथला पदविका अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, पण त्यासाठी आधी पदवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. शिवाय तिथलं काम बरंचसं हिंदीत चालतं. बारावीनंतर लगेच दिल्लीचं स्वप्न पाहणाऱ्यांना मी सांगते, आधी इथे मराठीत शिका. ज्या भाषेत स्वप्नं पडतात त्या भाषेत आवाज घडला, की तो पुढे दुसऱ्या भाषेत नेता येतो.

आता आवाजाच्या वर्गाकडे वळू. नवीन मुलांना वाटतं, आवाज चांगला असावा लागतो. चांगला म्हणजे भारदस्त, जाड. खरं तर पहिले कित्येक आठवडे आवाजाबद्दल कुणी बोलतच नाही, काम श्वासावर चालतं. जमिनीवर पाठीवर झोपायचं, एक हात पोटावर, एक बरगड्यांवर. श्वास घेताना खांदे वर जात असतील तर तो छातीच्या वरच्या भागातच अडकला आहे. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, खाली सरकलं की पोट आणि खालच्या बरगड्या बाजूंना फुगतात. हा श्वास खोल असतो, आणि महत्त्वाचं म्हणजे तो हळूहळू सोडता येतो. मग ‘स्स’ असा आवाज काढत तो एकसारखा सोडायचा, मध्ये थरथर न येऊ देता. कंटाळवाणं वाटतं, पण लांबलचक वाक्य एका दमात बोलता येणं याच्यावरच अवलंबून असतं.

त्यानंतर खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांत आवाज लावण्याचा सराव, ओंकार, मिटल्या ओठांनी गुणगुणणं. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १२० वेळा आणि बायकांचे साधारण २०० वेळा कंप पावतात. घसा ताणून ओरडलं की ते एकमेकांवर जोरात आपटत राहतात, आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर त्यांवर गाठी येतात. जवळपास हजार आसनांच्या बालगंधर्व रंगमंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज न्यायचा तर घशाचा जोर पुरत नाही. श्वासाचा आधार लागतो आणि तोंडाची, नाकाची, छातीची पोकळी वापरता यावी लागते. आता माइक असतात हे खरं आहे. पण माइक न ऐकू येणारं मोठं करतो, अस्पष्ट बोललेलं स्पष्ट करत नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते आणि १९६९ साली ते पूर्णवेळ रंगभूमीकडे आले. घसा हा शरीराचा भाग आहे, त्याची काळजी शरीरासारखीच घ्यावी लागते, हे मुलांना पटवताना मला त्यांची हमखास आठवण होते. सर्दी-खोकल्यात तालीम असेल तर आवाज राखा, पाणी पीत राहा, सारखं खाकरू नका. कुजबुजून बोललं की घशाला आराम मिळतो असं वाटतं, पण पुष्कळांच्या घशावर त्याने उलट ताणच येतो. त्यापेक्षा गप्प बसा.

एक गोष्ट मी प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी सांगते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि नकारही. ‘मी त्याला घरातून जायला सांगितलं नव्हतं.’ यातलं ‘नव्हतं’ श्वास संपल्यामुळे गिळलं गेलं, तर प्रेक्षकांपर्यंत नेमका उलटा अर्थ पोचतो. नवख्या नटाचं वाक्य जोरात सुरू होतं आणि शेवटी पडतं. म्हणून मराठी नटाला श्वास राखून ठेवायला शिकावंच लागतं. शेवटचा शब्द पोचवायचा म्हणजे त्यावर हातोडा मारायचा नाही, फक्त तिथवर पट्टी टिकवायची. याचा सराव घरी करता येतो. रोज वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचा, कारण त्यात वाक्यं लांब असतात. त्याच्या जोडीला तुकोबांचा एखादा अभंग न गाता, अर्थ सांगत म्हणा. अभंगातली ओळ लहान असते, यमक पुढे ओढत असतं, आणि तरीही प्रत्येक शब्द पोचवायचा असतो. पोवाडा म्हणून पाहिलात तर दम किती कमी पडतो ते पहिल्या चौकातच, म्हणजे पहिल्या भागातच, कळेल. कीर्तन ऐकायला मिळत असेल तर सोडू नका. एकच माणूस निरूपण करतो, गोष्ट सांगतो, गातो आणि समोरच्या समुदायाला तासन् तास धरून ठेवतो. भाषण आणि संवादकौशल्याचं इतकं पूर्ण शिक्षण मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

आता बोलीबद्दल, आणि हे मी जरा कळकळीने लिहिते आहे. आमच्या वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. ‘ण’चा ‘न’ होतो. एका एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी माझ्या मैत्रिणीला निकालानंतर सांगितलं होतं, ‘अभिनय छान, पण भाषा शुद्ध करा.’ ती पुढे कित्येक दिवस मंचावर तोंड उघडायला घाबरत होती. प्रमाण मराठी शिकावीच लागेल, त्याला पर्याय नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, या दोन्हींची अक्षरं तीच, पण ‘ज’ वेगळा. एक टाळूवरचा, एक दातांजवळचा. हा फरक कानाला कळला पाहिजे आणि जिभेला जमला पाहिजे. पण प्रमाण भाषा ही आपल्या बोलीत घातलेली भर आहे. बोली पुसून तिथे ती बसवायची नसते. प्रा. लक्ष्मण देशपांडे मराठवाड्यातल्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत होते. त्यांनीच ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात मराठवाड्याच्या बोलीतून ५२ व्यक्तिरेखा उभ्या केल्या आणि तो प्रयोग परदेशापर्यंत नेला. झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागात, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि गावोगाव रात्रभर माणसं नाटक बघतात. तिथले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा कुणी तुमच्या बोलीला हसलं, तर चूक हसणाऱ्याची आहे. तुम्ही फक्त दोन्ही भाषा इतक्या तयार ठेवा, की भूमिकेप्रमाणे हवी ती काढता येईल.

बाकी विषय: नाट्यइतिहास, संहिता-वाचन, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा. बॅकस्टेजला कमी लेखणारी मुलं लवकर मागे पडतात, एवढंच सांगते. विंगेत उभं राहून दुसऱ्याच्या प्रयोगातले आवाज ऐकताना जे शिकायला मिळतं, ते प्रेक्षागृहात बसून मिळत नाही. इतिहास कंटाळवाणा वाटला तरी मन लावून वाचा. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, तिथपासून आजवर मराठी नट कसा बोलत आला, हा प्रवास समजून घेण्यासारखा आहे. आणि कॉलेजात असाल तर पुण्यातल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांत जरूर उतरा. ही स्पर्धा १९६३पासून चालू आहे आणि अनेकांना तालमीची शिस्त तिथेच लागते.

‘पुढे काय?’ हा आईवडिलांचा प्रश्न रास्त आहे, त्याला टाळू नका. नाटकावरच घर चालवणारे फार थोडे असतात. पण आवाजावर काम केलेल्या माणसाला रस्ते बरेच आहेत. डबिंग, श्राव्यपुस्तकं, माहितीपटांचं निवेदन, सूत्रसंचालन, आकाशवाणीवरचं नैमित्तिक उद्घोषकाचं काम. आकाशवाणीच्या चाचणीत आवाजाइतकाच उच्चार आणि वाचनाचा अंदाज पाहिला जातो. शाळांमध्ये नाट्यशिक्षक लागतात. पदव्युत्तर पदवीनंतर यूजीसीची नेट परीक्षा देऊन प्राध्यापकही होता येतं. मी शिक्षकांना, वकिलांना आणि कॉल सेंटरमधल्या मुलामुलींना आवाज शिकवते. दिवसभर बोलणाऱ्या माणसांचे घसे बसतात आणि त्यांना कुणी हे शिकवलेलंच नसतं. सुरुवातीला पैसे अनियमित येतात. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं एखादं ठरावीक कामही हाती ठेवा. त्यात कमीपणा नाही.

ऑडिशनची तयारी करताना प्रसिद्ध नटाची नक्कल घेऊन येऊ नका. समोर बसलेल्यांनी मूळ ऐकलेलं असतं. दोन उतारे तयार करा, एक प्रमाण मराठीतला आणि एक तुमच्या बोलीतला, दोन्ही तीन-चार मिनिटांच्या आत. एक कविता पाठ असू द्या, गाता येत असेल तर एक पद. मुलाखतीत गेल्या वर्षभरात कोणती नाटकं पाहिली, असं विचारतात, म्हणून जवळच्या गावात राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र असेल तर तिथे जाऊन नाटकं बघा. आणि वसतिगृहाचा अर्ज प्रवेशअर्जाबरोबरच भरा. तालमी रात्री उशिरा संपतात, लांब खोली घेतली की रिक्षाचं भाडं परवडत नाही.