क्लासच्या आधीची भूक सांभाळा, मंच्युरियनचं नंतर बघू

मुलगी नववी-दहावीत गेली आणि अंगानं जरा भरली की घरात पहिली बंदी येते बाहेरच्या खाण्यावर. बंदीनं कायबी होत नाही, आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीत क्लास सुटला की समोरच मंच्युरियनच्या गाड्या, तुम्ही कुठंकुठं पहारा देणार? आधी ती किती वाजता खाते ते बघा. सकाळी चहा-बिस्किटावर बाहेर पडलेली, डबा निम्मा परत, पाच वाजता पोटात कावळे आणि हातात पन्नास रुपये, मग ती काय काकडी खाणार होय?

म्हणून पहिलं काम पाच वाजताचं. चपातीत ऑम्लेट गुंडाळून द्या, नाहीतर उकडलेली अंडी, फुटाणे, गूळ-शेंगदाणे. आमच्याकडं भडंग चालतं, पण नुसते चिरमुरे तासाभरात जिरतात, त्यात मूठभर भाजके शेंगदाणे पाहिजेतच, आणि कांदा-टोमॅटो वेगळ्या डबीत द्या, आयत्या वेळी मिसळायचं, आधीच घातलं तर सगळं मऊ पडतं आणि पोरगी मैत्रिणींसमोर डबा उघडत नाही.

कोल्ड्रिंक मात्र खरंच बंद करण्यासारखं. 250 मिलीच्या कोलाच्या बाटलीत साधारण 26 ग्रॅम साखर, म्हणजे सहा चमच्यांच्या वर, आणि पोट तर भरतच नाही. त्याऐवजी ताक, नाहीतर बिनसाखरेचं दूध. (गंगावेशच्या कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाचं कौतुक आहेच, पण कच्चं नको, घरी आणून उकळा.)

बाहेर खायचंच तर मिसळ खाऊ दे की, फक्त जादा कट (वरचा तेलकट रस्सा) नको आणि ब्रेड दोनच स्लाइस. रंकाळ्यावरची भेळ शेव कमी घालून घेतली तर चीज-मेयोवाल्या फ्राइजपेक्षा कधीही बरी. आणि बाहेर खाल्लं म्हणून रात्रीचं जेवण बंद, ही शिक्षा अजिबात करू नका, उपाशी झोपलेली पोरगी दुसऱ्या दिवशी दुप्पट खाते.

आता वजनाचं. पाळी सुरू व्हायच्या आसपास मुलींचं वजन वाढतंच, मांड्या-कंबर भरते, ते वाढीचं लक्षण आहे. मोबाईलवरचा मोठ्यांचा बीएमआय (उंची-वजनाचं गणित) तिला लावू नका, बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे 2015 चे 5 ते 18 वयाचे तक्ते आहेत, डॉक्टर त्यावर बघून सांगतात. रोज तासभर अंग हलायला पाहिजे असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, सायकलनं क्लासला जाणं, दोरीउड्या, कबड्डी, सगळं त्यात धरा. लग्नकार्यात कोण आत्या-काकू "काय गं, लई सुटलीस" म्हणाली तर आईनं तिथंच त्या बाईचं तोंड बंद करायचं, कारण तेवढ्या एका वाक्यावर पोरी जेवण सोडतात आणि आपल्याकडं आधीच रक्त कमी, 2019-21 च्या सरकारी पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना अॅनिमिया होता.

मानेवर काळपट जाड पट्टा दिसला, जो घासून जात नाही, किंवा तीन महिने पाळीच आली नाही, तर मात्र घरचे प्रयोग थांबवा आणि डॉक्टरकडं न्या.