मंडळाचं अकाउंट कुठं काढायचं: मास्टोडॉन, ब्लूस्काय का नॉस्टर?

मागच्या गणपतीत आमच्या मंडळाचं अकाउंट एका रात्रीत बंद झालं, कारण विचारलं तर कोण बोलायला तयार नाही, फोटो गेले ते गेले आणि जोडलेली माणसं पण गेली. तेव्हापासनं आमच्या बेळगावातल्या अनगोळ, वडगावची पोरं विचारायलेत की ते कुणा एका कंपनीच्या मालकीचं नसलेलं सोशल मीडिया म्हणतात ते काय आहे आणि त्यातलं कुठलं घ्यायचं. तिन्ही वापरून बघितलंय, एकदाच सांगून सोडतो.

ॲप दिसायला कसं आहे ते बघून ठरवू नका. एवढंच विचारा, की उद्या इथनं उठायची पाळी आली तर बरोबर काय काय नेता येतं, नाव, माणसं का जुन्या पोस्ट.

मास्टोडॉन २०१६ ला आलं, ते चालतं ॲक्टिव्हिटीपब ह्या प्रोटोकॉलवर, म्हणजे एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या नियमांवर, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेनं जानेवारी २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. आता बेळगाव स्टँडवरनं कोल्हापूरला कर्नाटकची गाडी पण जाते आणि एसटी पण जाते, डेपो वेगळे पण रस्ता एकच, तसंच सर्व्हर, म्हणजे अकाउंट जिथं राहतात ते संगणक, हजारांनी वेगळे पण एकावरचा माणूस दुसऱ्यावरच्याला फॉलो करू शकतो. सुरुवातीलाच सर्व्हर निवडावा लागतो आणि तुमच्या नावाच्या मागं त्या सर्व्हरचं नाव चिकटतं, ईमेलसारखं, म्हणजे सर्व्हर चालवणारा तुमचा घरमालक झाला की. घर बदलायचं असेल तर आधी नवीन अकाउंटच्या सेटिंगमध्ये जुन्याचं नाव टाकायचं, मग जुन्यातनं मूव्ह करायचं, फॉलोअर आपोआप येतात. पोस्ट मात्र तिकडंच राहतात. आणि घरमालक न सांगता कुलूप लावून गेला तर फॉलोअर पण येत नाहीत. त्यामुळं सर्व्हर घेताना तो किती वर्षं चालू आहे, खर्च कोण करतंय, हे त्याच्या माहितीच्या पानावर वाचा, आणि अर्काइव्ह, म्हणजे आपल्या पोस्ट-फोटोंची प्रत, अधनंमधनं उतरवून ठेवा, सात दिवसांत एकदा मागता येतं.

ब्लूस्कायचा प्रोटोकॉल वेगळा, एटी म्हणतात त्याला. २०१९ ला ट्विटरच्याच घरात सुरू झालेलं काम, सगळ्यांना बिनआमंत्रण मिळालं फेब्रुवारी २०२४ ला. इथं खरा फरक आहे तो नावात. सातबारा म्हणा नाहीतर आपल्याकडं पहाणी म्हणा, त्याच्यावर जसा सर्व्हे नंबर असतो तसा तुमच्या अकाउंटला एक कायमचा नंबर असतो, डीआयडी, आणि दिसणारं नाव म्हणजे दारावरची पाटी, कधी पण बदला. पाटी स्वतःच्या डोमेनची, म्हणजे विकत घेतलेल्या वेबसाइटच्या पत्त्याची, लावता येते: सेटिंगमध्ये हँडल, म्हणजे ते दिसणारं नाव, बदला, माझं स्वतःचं डोमेन आहे असं निवडा, तो एक ओळ देतो, ती डोमेन जिथनं घेतलं तिथं डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या पानावर, टीएक्सटी रेकॉर्ड म्हणून चिकटवा, परत येऊन व्हेरिफाय दाबा. कधी लगेच होतं, कधी चहा पिऊन यावं लागतं. सर्व्हर बदलताना इथं पोस्ट आणि फॉलोअर दोन्ही बरोबर येतात, पण खरं सांगायचं तर बहुतेक लोक अजून ब्लूस्काय कंपनीच्याच सर्व्हरवर बसलेत, दार उघडं आहे म्हणून कोण बाहेर पडलंय असं नाही. एका पोस्टला मर्यादा ३०० अक्षरांची, काना-मात्रा वेगळी मोजत नाही हे आपल्या फायद्याचं.

एक मात्र ध्यानात ठेवा, ब्लूस्कायवरच्या पोस्ट सगळ्या जगाला उघड्या. वर्गणीची यादी टाकून सोडू नका. मास्टोडॉनवरचा खासगी मेसेज पण सर्व्हरवाल्याला वाचता येतो.

नॉस्टर, २०२० चं, त्याच्यात अकाउंट असं नसतंच. दोन किल्ल्या मिळतात, एनपबनं सुरू होणारी लोकांना द्यायची, एनसेकवाली कुणाला दाखवायची नाही, आणि पोस्ट सही होऊन चार-पाच रिलेंवर, म्हणजे पोस्ट ठेवून पुढं देणाऱ्या सर्व्हरांवर, जाते, एकानं हाकललं तर दुसरा आहे. एकट्या माणसाला भारी. पण मंडळात दर वर्षी सेक्रेटरी बदलतो, आणि पासवर्ड बदलावा तशी ती किल्ली बदलता येत नाही, हरवली तर परत द्यायला कोण बसलेलं नाही. आमच्यात देवळाची किल्ली सापडत नाही वेळेवर. मंडळानं ह्याच्या नादाला लागू नये असं माझं मत.

आम्ही शेवटी ब्लूस्काय घेतलं, स्वतःच्या डोमेनवर. मास्टोडॉनवाल्यांना पण दिसायला पाहिजे म्हणून ब्रिजी फेड नावाचा पूल आहे, ब्लूस्कायवर त्याच्या ॲक्टिव्हिटीपबवाल्या अकाउंटला फॉलो करायचं, मग तुमच्या नवीन पोस्ट तिकडं जायला लागतात. तिकडच्या माणसानं पण पूल चालू केलेला नसेल तर त्याचं उत्तर तुम्हाला दिसणार नाही, तेवढं त्याला सांगा.

आणि डोमेन कुणा एका पोराच्या नावावर घेऊ नका, तो पुण्याला नोकरीला गेला की फोन उचलत नाही. मंडळाच्या ईमेलवर घ्या आणि रिन्यूची तारीख वर्गणीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.