जुनी रेड वाइन कोकणात आली तर काय करायचं

बोटीवरचा भाऊ, दुबईचा मेव्हणा, युरोप फिरून आलेली आत्या, कुणीतरी ड्युटी फ्रीमधून एक जुनी रेड वाइन आणतं (माणशी दोन लिटर चालते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आरामात बसतात), ती कपाटात काचेमागे दिमाखात उभी राहते, आणि मग "जितकी जुनी तितकी भारी" म्हणत दोन-तीन मे महिने तिथेच काढते. उघडली की आंबट पाणी. म्हणून आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा, ही वाइन मुरवूनच आलेली असते, आपण ती अजून मुरवायची नाही. आपलं काम एवढंच की तिची वाट लावायची नाही.

स्पेनमधल्या रिओहा या वाइनवाल्या भागाचं उदाहरण घ्या. तिथे आरो गावात लोपेझ दे एरेदिया नावाचं घराणं 1877 पासून वाइन करतंय, अजून कारभार घरातच, पिंपं बनवणारे सुतारसुद्धा स्वतःचे. त्यांची विन्या तोंदोनिया रिझर्वा नावाची रेड ओकच्या पिंपात सहा वर्षं असते आणि मग वर बाटलीत अजून काही वर्षं, त्यामुळे द्राक्षं तोडल्यापासून दुकानात यायला दहाएक वर्षं जातात. वाइन स्वच्छ करायला अंड्याचा पांढरा बलक वापरतात. तळघरात कोळ्यांची जाळी मुद्दाम ठेवतात कारण कोळी बुचं पोखरणारे पतंग खातात, आपल्याकडे आजीने केरसुणी घेऊन अर्ध्या तासात साफ केलं असतं ते सगळं! रिओहाच्या कुठल्याही रेडच्या बाटलीवर रिझर्वा लिहिलंय म्हणजे कायद्याने किमान तीन वर्षं, त्यातलं एक पिंपात, आणि ग्रान रिझर्वा म्हणजे किमान पाच, त्यातली दोन पिंपात. तेव्हा लेबल आधी वाचा. नाशिकच्या बहुतेक रेड दोन-चार वर्षांत पिऊन टाकायच्या असतात, त्यांना हे सगळे सोपस्कार नकोत.

आता ठेवायची कुठे. लोक कोकणातल्या दमट हवेला घाबरतात पण वाइनला दमटपणा चालतो, उलट बूच ओलसर राहतं, फार तर पावसाळ्यात लेबलवर बुरशी येईल, तर त्यावर स्वयंपाकघरातलं प्लास्टिक गुंडाळा झालं. घाबरायचं ते उकाड्याला. तळघरात बारा-तेरा डिग्री असतं आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर काय होतं ते तुम्हाला माहितीय, वाइन फुगते, बूच वर ढकललं जातं, बाजूने पाझरते आणि हवा आत शिरते. जुनं चिऱ्याचं घर असेल तर माजघरातला सगळ्यात अंधारा कोपरा, जमिनीजवळ, बाटली आडवी, आणि तेही थंडीतले थोडे आठवडेच. उन्हाळा असेल तर सरळ फ्रीजचा भाजीचा कप्पा. फ्रीजची हवा कोरडी असते, बरेच महिने ठेवलं तर बूच सुकून आक्रसतं, पण महिना-दीड महिना काही होत नाही. लाइट दोन-चार तास गेली तरी चालेल, फक्त दार सारखं उघडू नका. वाइनचा वेगळा छोटा फ्रीज मिळतो पण एका बाटलीसाठी घेणं म्हणजे पैसे जास्त झालेत.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा, फ्रीजमध्येच, आणि मग हलवायची नाही. जुन्या रेडमध्ये रंग आणि टॅनिन (काजूचा बोंडू खाल्ल्यावर घसा धरतो ना, तसं तोंड आवळणारं जे असतं ते) वर्षानुवर्षं एकत्र येऊन गाळ होऊन खाली बसतात, म्हणून तर जुनी वाइन मऊ लागते. गाळाने काही अपाय नाही पण तोंडात कचकच येते आणि कडू लागतं.

बूच काढताना घाई नको. इतक्या वर्षांचं बूच ठिसूळ झालेलं असतं, नेहमीचा स्क्रू घातला की मधोमध चुरा. दोन पात्यांचा ओपनर येतो, आह-सो म्हणतात, ऑनलाइन मिळतो, त्याची पाती बूच आणि काच यांच्यामध्ये आलटून पालटून दाबत खाली न्यायची आणि गोल फिरवत फिरवत वर ओढायचं. तरी तुटलंच तर उरलेलं आत ढकला, धुतलेल्या मलमलीतून गाळा, जगबुडी होत नाही.

मग काचेचा जग घ्या, बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा टॉर्च लावा आणि एका दमात सावकाश ओता, मध्ये बाटली सरळ करायची नाही नाहीतर गाळ ढवळतो. मानेपाशी काळसर दोरी यायला लागली की थांबा, दोन बोटं वाइन बाटलीतच जाऊ दे. आणि ते "तीन तास हवा खाऊ दे" वगैरे तरुण, दणकट वाइनसाठी, जुनीचा वास तेवढ्यात उडून जातो, वीस मिनिटं पुरे.

थंड किती? सोळा ते अठरा डिग्री. पुस्तकात "रूम टेंपरेचर" लिहिलेलं असतं ती रूम मालवणातली नाही. फ्रीजमधली असेल तर अर्धा-पाऊण तास आधी बाहेर, बाहेरची असेल तर तास-दीड तास फ्रीजमध्ये. बर्फ नको, प्लीज. ग्लास मोठा, काचेचा, तिसरा हिस्साच भरायचा.

रंग विटकरी दिसेल, कडेला नारिंगी, ते बरोबर आहे. वास सुक्या फळांचा, चामड्याचा, तंबाखूचा, आणि पिंपं अमेरिकन ओकची असतील तर चक्क सुक्या खोबऱ्याचा! भिजलेल्या गोणपाटासारखा वास आला तर बूच खराब होतं, व्हिनेगरसारखा आला तर वाइन गेली.

सोबत खायला मासे नकोत, बांगडा, तारली तर अजिबात नाही, रेड वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल भेटलं की तोंडात धातूसारखी चव येते. झणझणीत मालवणी रस्साही नको, अल्कोहोलने तिखट अजून भडकतं आणि एवढी नाजूक वाइन त्यात बुडून जाते. कमी तिखटाचं मटण सुकं, ओल्या काजूची उसळ चालेल, पण माझं मत विचाराल तर पावसातली रानातली अळंबी, नुसत्या कांद्यावर आणि मिरपुडीवर परतलेली, वाइनमध्येही तोच मातीचा वास असतो. सोलकढी नंतर, सोबत नाही.

चार माणसं बोलवा आणि त्याच रात्री संपवा. उरलीच तर छोट्या बाटलीत अगदी तोंडापर्यंत भरून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बरी लागते, त्यानंतर मटणात घाला.