बार्बाडोसमध्ये पाण्याचे काम शिकताना

जलव्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बार्बाडोसला येऊ पाहणाऱ्यांनी शुद्धीकरण केंद्रांच्या आराखड्यांआधी इथला खडक समजून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. सुमारे ४३० चौरस किलोमीटरच्या या बेटाचा जवळपास ८५ टक्के भाग प्रवाळजन्य चुनखडकाने झाकलेला आहे. त्यामुळे पावसाचे पाणी भेगांमधून झपाट्याने खाली उतरते आणि पिण्याचे बहुतेक पाणी याच खडकातून उपसले जाते. आपल्याकडे काळ्या पाषाणात पाणी मुरवण्यासाठी आटापिटा करावा लागतो; इथे ते कुठे मुरू द्यायचे नाही, याची चिंता असते.

कारण बहुसंख्य घरांचे सांडपाणीही शोषविहिरींतून त्याच खडकात जाते. म्हणूनच १९६३ मध्ये बेटाचे पाच संरक्षण विभाग पाडण्यात आले. दूषित पाण्याला सार्वजनिक विहिरीपर्यंत पोहोचायला ३०० दिवस लागावेत, या निकषावर पहिल्या विभागाची हद्द आखली होती आणि तिथे नवी घरे बांधू देत नसत; ६०० दिवसांच्या दुसऱ्या विभागात शोषविहीर साडेसहा मीटरपेक्षा खोल नेता येत नसे. जंतू वाटेतच मरावेत, हा त्यामागचा हिशेब. मात्र उसाच्या खतांतून उतरणारे नायट्रेट दिवस मोजून मरत नाही, आणि माझ्या मते या आखणीची खरी मर्यादा तीच होती.

भुयारी गटारे राजधानी ब्रिजटाऊनमध्ये १९८२ पासून आहेत, दक्षिण किनाऱ्यावर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. याच किनाऱ्यावर २०१७-१८ मध्ये मैलापाणी रस्त्यांवर वाहिले, तेव्हा त्याची झळ थेट पर्यटनाला बसली. देखभालीचा खर्च मागताना हा दाखला अजूनही उपयोगी पडतो.

शिकण्यासाठी वेस्ट इंडीज विद्यापीठाचा केव्ह हिल परिसर सोयीचा आहे. प्रादेशिक हवामान व जलविज्ञान संस्थाही याच बेटावर आहे. क्षेत्रीय काम शक्यतो डिसेंबर ते मे या कोरड्या हंगामात ठेवावे. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा पातळ थर समुद्राच्या पाण्यावर तरंगत असतो, आणि उपसा वाढवला की पाण्याचा खारटपणा दाखवणाऱ्या विद्युतवाहकतेच्या मीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत चढू लागतो. हे एकदा विहिरीवर उभे राहून पाहिले, की उपशाची मर्यादा कोणी समजावून सांगावी लागत नाही. (पंपगृहात शिरताच आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणावे, थेट प्रश्न विचारणे इथे उद्धटपणाचे मानतात.) जुन्या विहिरींच्या नोंदी आणि बांधकाम परवानग्यांचे नकाशे शेजारी ठेवून वाचण्याची सवय मात्र पहिल्याच महिन्यात लावून घ्यावी.