जुन्या गाडीचं पाणी कमी होतंय? हेड उघडण्याआधी या चुका टाळा

इंदूरहून ओंकारेश्वरला जाताना गाडी गुण्यागोविंदाने चालते आणि तापते ती परतीच्या वाटेवर. कारण साधं आहे. आपलं शहर माळव्याच्या पठारावर, साधारण ५५० मीटर उंचीवर. नर्मदेचा काठ त्याच्या बराच खाली. जाताना भेरू घाट उताराचा, इंजिनाला काम कमी. येताना तोच घाट चढायचा, तोही मे महिन्यातल्या चाळिशीपारच्या उन्हात, एसी लावून, मागच्या सीटवर तिघं बसलेले आणि पुढे ट्रकांची रांग. कूलिंगमधलं जे बारीक दुखणं पलासियाच्या सिग्नलवर कळलं नव्हतं, ते इथे उघडं पडतं. गाडी सिमरोलला पोचेपर्यंत कुणीतरी निदानही करून टाकलेलं असतं: हेड गॅस्केट गेली.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील, जाते, नाही असं नाही. पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत: पाणी जातंय कुठे, आणि गाडी नेमकी तापते केव्हा?

नुसतं पाणी टाकत राहणं

कूलंटचा, म्हणजे इंजिन आणि पुढचा रेडिएटर यांत फिरून इंजिन थंड ठेवणाऱ्या रंगीत पाण्याचा, मार्ग बंदिस्त असतो. दर आठवड्याला त्यात पाणी टाकावं लागत असेल तर ते कुठून तरी बाहेर पडतंय, एवढं नक्की. सकाळी इंजिन थंड असताना कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारा आणि रोज त्याच वेळी बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा. मात्र पुठ्ठा कोरडा निघाला म्हणजे गळती नाही, असं समजू नका. बारीक चीर फक्त गरम इंजिनात, दाब आल्यावरच उघडते, आणि बाहेर आलेला थेंब तिथल्या तिथे वाळून जातो. म्हणून ओल शोधू नका, डाग शोधा. होज पाइपाच्या क्लिपांजवळ, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीला जोडलेली असते तिथे, आणि वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकाजवळ पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा दिसतो. पुढच्या पायाखालचा गालिचा ओला, काचेवर आतून चिकट वाफ आणि गोडसर वास, असं असेल तर आतला हीटरचा रेडिएटर गळतोय. एसीचं पाणीही गाडीखाली ठिबकतं, ते स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. त्याला घाबरू नका.

एवढं करूनही जागा सापडली नाही तर गॅरेजमध्ये हातपंपाने प्रेशर टेस्ट करून घ्या. थंड इंजिनात दाब भरायचा आणि काटा खाली येतो का ते बघायचं. लपलेली गळती बहुतेक वेळा यात सापडते.

फक्त बाटली बघून निश्चिंत होणं

माझ्या मते जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ज्या गाड्यांत झाकण रेडिएटरवर आणि बाटली वेगळी असते, त्यात कूलंट तापून फुगलं की झाकणातली स्प्रिंग उचलली जाते आणि जास्तीचं कूलंट बाटलीत जातं. इंजिन थंड होताना आत पोकळी तयार होते आणि झाकणातल्या दुसऱ्या, छोट्या झडपेतून तेच कूलंट परत ओढलं जातं. झाकणाचं रबर कडक झालं असेल किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरली असेल, तर कूलंटऐवजी हवा आत जाते. बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा होत जातो.

त्यात झाकणाचं काम नुसतं बंद ठेवण्याचं नाही. कुकरमध्ये जसा दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो तसंच इथे घडतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. ०.९ बारच्या चांगल्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकण सैल असेल तर १०० लाच. म्हणून संशय आला की आधी त्याच आकड्याचं नवं झाकण लावा. सगळ्या दुरुस्त्यांत ही सगळ्यात स्वस्त.

आणि झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नका. वरचा होज पाइप हाताला गार आणि मऊ लागेपर्यंत थांबा. दाब सुटला की आतलं पाणी उसळून तोंडावर येतं.

तापण्याची वेळ न बघणं

सराफ्याच्या किंवा राजवाड्याच्या गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर दोष हवेचा आहे: पंखा, त्याचा फ्यूज, रिले किंवा तापमानाचा स्विच. एसी बंद ठेवून गाडी उभी चालू ठेवा आणि पंखा लागतो का बघा. एसी बंद ठेवायचा कारण काही गाड्यांत एसीचा पंखा वेगळा असतो, आणि तो फिरताना दिसला की मुख्य पंखा मेलेला असला तरी कळत नाही. पंखा डायरेक्ट जोडून घरी येणं ठीक. तसाच वर्षभर ठेवणं म्हणजे मूळ दोष झाकणं.

उलट, गर्दीत ठीक आणि घाटात किंवा हायवेवर तापते, तर दोष पाण्याच्या प्रवाहात आहे. चोंदलेला रेडिएटर, पंख गंजलेला वॉटर पंप, ढिला बेल्ट, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारा व्हॉल्व्ह), नाहीतर कूलंटच कमी.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

‘व्हॉल्व्ह काढून टाकू, गाडी थंड राहील’ हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. तो ऐकू नका. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो नसेल तर हिवाळ्यात इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत तोच थर्मोस्टॅट बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं आणि घाटात गाडी आणखी तापते. जुना थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात टाकून उकळून बघा. उघडला नाही तर नवा बसवा.

बोअरिंगचं पाणी आणि हळद

आपल्याकडच्या बोअरिंगच्या जड पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात. कूलंटमध्ये निम्मं डिस्टिल्ड वॉटर घाला, किंवा तयार मिश्रण आणा. गळती थांबवायला हळद किंवा पावडर टाकली तर ती भोकाबरोबर नळ्याही बुजवते. काढलेलं जुनं कूलंट मात्र नालीत ओतू नका, उघड्या तसराळ्यातही ठेवू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्री, गाई, लहान मुलं, सगळ्यांनाच धोका.

काटा खाली आला म्हणून पुढे जाणं

काटा लाल रेषेजवळ जाऊन अचानक खाली पडला तर हायसं वाटून घेऊ नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. पाणी संपलं की तो कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. चढताना काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा, हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण लावा आणि सुरक्षित जागा दिसली की थांबा. वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

बाहेर कुठेच डाग नाही, झाकण नवं आहे, तरी पाणी जातंय, तेव्हा हेड गॅस्केटकडे वळा. थंड गाडी चालू करताच वरचा होज मिनिटभरात दगडासारखा होणं, उघड्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणं, इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नसणं, ऑइल दुधी होणं, या त्याच्या खुणा. काही गॅरेजांत निळ्या द्रवाची चाचणी असते. पेट्रोल इंजिनातला ज्वलनाचा वायू पाण्यात मिसळत असेल तर तो द्रव पिवळा होतो. हेड उघडावंच लागलं तर मिस्त्रींना आधीच सांगा की नुसती गॅस्केट बदलू नका, हेड सपाट आहे का ते पट्टी लावून तपासा. वाकलेल्या हेडवर नवी गॅस्केट टिकत नाही.