उन्हाने रापलेल्या त्वचेसाठी कोलॅजन घेताना

पणजी-मडगावच्या औषधांच्या दुकानांत कोलॅजनची, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाची, पावडर आता सहज मिळते आणि उन्हाळा उलटला की रापलेल्या, कोरड्या पडलेल्या त्वचेसाठी ती घ्यावी का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्वचेचा कोरडेपणा जाणवतो तो सर्वांत वरच्या थरात, तर कोलॅजन असते त्याच्या खालच्या थरात. उन्हातील अतिनील किरणांमुळे तेथे कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स वाढतात, आणि वर्षानुवर्षे ऊन खाल्लेली त्वचा सैल व सुरकुतलेली दिसते ती त्यामुळे. म्हणून ओलावा परत आणायचा असेल, तर सुरुवात डब्यापासून करू नये.

समुद्रस्नानानंतर गोड्या पाण्याने अंग धुवावे, कढत पाणी टाळावे, आणि अंग पुरते कोरडे होण्याआधीच ग्लिसरीन किंवा युरिया असलेले मॉइश्चरायझर लावावे. हवा दमट असल्याने आपल्याकडे याची गरज नाही, असे पुष्कळांना वाटते. पण दिवसभर एसीत बसणाऱ्यांना हा युक्तिवाद लागू पडत नाही. खोबरेल तेल ओलावा धरून ठेवायला चांगले असले, तरी उन्हापासूनच्या संरक्षणासाठी त्याच्यावर विसंबू नये. त्यासाठी एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले, अतिनील ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही किरणांना अडवणारे सनस्क्रीन हवे. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे, आणि बाहेर असताना दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून बाहेर आल्यावर, ते पुन्हा लावावे. एवढे होत नसेल तर पावडरीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे.

हे सारे सांभाळूनही कोलॅजन घेऊन पाहायचे असेल, तर डब्याची मागची बाजू वाचावी. ‘हायड्रोलाइज्ड कोलॅजन’ किंवा ‘कोलॅजन पेप्टाइड्स’ (म्हणजे लहान तुकड्यांत मोडलेले कोलॅजन) असा उल्लेख, एका मात्रेतील ग्रॅम आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, या तीन गोष्टी तेथे दिसायला हव्यात. कोलॅजन मासळीचे, गाईचे किंवा डुकराचे असू शकते, मात्र मांसाहाराची खूण तिन्हींवर एकच असते; तेव्हा मासळी चालते पण गोमांस चालत नाही अशा घरांनी घटकांच्या यादीतील मूळ स्रोत पाहूनच डबा उचलावा. श्रावण किंवा सोमवार पाळणाऱ्यांनी मासळीचे कोलॅजनही मांसाहारातच मोजावे. ‘व्हीगन’ म्हणून जे विकले जाते, त्यात सहसा कोलॅजन नसून क जीवनसत्त्व व अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे मूळ घटक, असतात. क जीवनसत्त्व तर पेरू-आवळ्यातूनही मिळते.

अभ्यासांत बहुधा रोज अडीच ते दहा ग्रॅम मात्रा आठ ते बारा आठवडे दिलेली आढळते. दहा ग्रॅमच्या हिशेबाने २५० ग्रॅमचा डबा २५ दिवसांत संपतो, म्हणजे बारा आठवड्यांसाठी चार डबे लागतात. हा खर्च आधीच मांडून घ्यावा. पावडर पाण्यात किंवा ताकात ढवळून कोणत्याही वेळी घेता येते. गिळलेले कोलॅजन थेट चेहऱ्यावर जाऊन बसत नाही. पोटात त्याची अमिनो आम्ले व लहान पेप्टाइड्स होतात, आणि त्यांतील काही पेप्टाइड्स त्वचेतील पेशींना चालना देत असावीत, असा तर्क आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, २३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात ओलाव्यात सुधारणा दिसली. परंतु औषध कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तेव्हा ती दिसली नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी आणि बारा आठवड्यांनी एकाच खिडकीशी, एकाच वेळी फोटो काढावा, मधल्या काळात मॉइश्चरायझर बदलू नये, आणि फरक नसेल तर पुढचा डबा आणू नये.

मासळीची ॲलर्जी असणाऱ्यांनी मासळीचे कोलॅजन घेऊच नये. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच गरोदर व स्तनदा मातांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही कोलॅजन सुरू करू नये. आणि उन्हात राहिलेल्या भागावर न भरणारी जखम, रक्त येणारी खपली किंवा आकार-रंग बदलणारा तीळ दिसला, तर बारा आठवडे थांबू नये. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाला तो लगेच दाखवावा.