उन्हाळी नांगरटीपूर्वी ट्रॅक्टरची पॅकिंग तपासून घ्यावी

गहू-हरभऱ्याची काढणी उरकल्यानंतर नांगरटीआधी जे चार दिवस मोकळे मिळतात, त्यांतला एक दिवस ट्रॅक्टरच्या इंजिनची पॅकिंग, म्हणजेच दोन भागांच्या सांध्यातून गळती होऊ न देणारी गॅस्केट, तपासण्यासाठी राखून ठेवावा. कारण विदर्भ-मराठवाड्यात पारा 42 अंशांपुढे गेला आणि मागे पलटी नांगर लागला, की हिवाळ्यात नुसता पाझरणारा सांधा भर शेतात वाहू लागतो.

गळती नेमकी कोठून आहे, हे ठरविल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. इंजिन धुऊन कोरडे करावे, रात्रभर खाली पुठ्ठा ठेवावा आणि सकाळी थेंब कोठे पडले ते पाहावे. इंजिनमध्ये पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक असते. तेथून पाणी ठिबकत असल्यास दोष पॅकिंगचा नसून आतल्या सीलचा असतो, आणि ते भोक सिलिकॉनने (ट्यूबमध्ये मिळणाऱ्या, सांधे बुजविण्याच्या लगद्याने) बुजविल्यास पाणी बेअरिंगमध्ये शिरून पंपच निकामी होतो. बाहेर थेंबही नसताना कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, कमी होत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील किंवा डिपस्टिकवरचे (ऑइल तपासण्याच्या पट्टीवरचे) ऑइल दुधाळ चहाच्या रंगाचे दिसत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधले पॅकिंग) किंवा लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्याच्या, रबरी रिंगची शंका घ्यावी आणि ट्रॅक्टर तेथेच थांबवावा.

थर्मोस्टॅटच्या (इंजिनच्या तापमानाप्रमाणे पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) झाकणाचे किंवा पंपाचे पॅकिंग घरी बदलता येते, मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडावे. जुने पॅकिंग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडू नये. ॲल्युमिनियमवर त्याचा ओरखडा उठतो आणि नवे पॅकिंग त्याच ओरखड्यातून गळते. दोन्ही पृष्ठभाग तेलकटपणा जाईपर्यंत पुसावेत. सिलिकॉन लावायचेच असल्यास बारीक धार पुरते. जास्त लावलेले आत सुटते आणि थर्मोस्टॅटमध्ये अडकते. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ, बहुधा 24 तास, गेल्यावरच पाणी भरावे.

हेड गॅस्केट मात्र जाणत्या मिस्त्रीकडूनच बदलून घ्यावे. कंपनीच्या पुस्तकात सांगितले नसल्यास त्या गॅस्केटला कोणतेही सिलिकॉन लावू देऊ नये. हेड वाकले आहे का, हे सरळपट्टी आणि फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) पाहावे. बोल्टच्या भोकांतले पाणी-तेल काढावे, नाहीतर टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर दाखवणारा पाना) फसवा आकडा दाखवतो. आणि मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत बोल्ट आवळावेत.

रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती थांबविण्याचा उपाय रस्त्यावर अडलेल्या ड्रायव्हरचा आहे. हंगामाच्या तयारीत त्याला जागा नाही, कारण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे भरावे. काढलेले जुने कूलंट चवीला गोड पण विषारी असते, म्हणून ते गोठ्याजवळ न सांडता झाकणाच्या कॅनमध्ये भरून जनावरांच्या आणि कुत्र्यांच्या तोंडापासून दूर ठेवावे.